बावीस नंबरची पिन

मस्कतमधल्या वादी कबीर भागातल्या वर्कशॉपमध्ये एक रीत होती. एकाने जोडलेली वायर दुसऱ्याने वाजवून बघायची. बजरचे एक टोक वायरच्या या बाजूला टेकवायचे, दुसरे त्या बाजूला. आवाज आला तर वायर ठरल्या जागी गेली. नाही आला तर उकला आणि पुन्हा जोडा. या रीतीतून एकच माणूस सुटला होता. झेवियर तुस्कानोची वायर कुणी वाजवत नसे. तसे कुणी ठरवले नव्हते. सत्तावीस वर्षांत चूक सापडली नाही, तेव्हा हळूहळू लोकांनी शोधणे सोडून दिले.

झेवियर वसईकडचा, सांडोर गावचा. बापाची पानवेलीची वाडी होती. वेल आधाराला केळीच्या सोपाने बांधायची, घट्ट नाही आणि ढिलीही नाही, हे त्याचे हात आठव्या वर्षीच शिकले. आयटीआय करून तो माझगावला बोटींचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका लहान कारखान्यात लागला. तिथल्या फोरमनने त्याला वायरची जुडी मेण लावलेल्या दोऱ्याने बांधायला शिकवली. दर बोटभर अंतरावर एक गाठ. पुढे प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या, सगळ्यांनी दोरा सोडला. झेवियरने सोडला नाही. त्याची गाठ दुहेरी असे, आणि उरलेले टोक तो कापून न टाकता जुडीच्या पोटात खोचत असे. वर्कशॉपमधल्या कुठल्याही पॅनेलचे दार उघडले की आतले काम कुणाचे ते त्या गाठीवरून कळे.

त्याचे आणखी दोन नियम होते. पहिला, नवीन वस्तू आठ दिवस चालल्याशिवाय जुनी भंगारात टाकायची नाही. दुसरा लाल पेन्सिलीचा. काम करताना ड्रॉइंगपेक्षा काही वेगळे करावे लागले, तर हत्यार पिशवीत जाण्याआधी ते ड्रॉइंगवर लाल पेन्सिलीने लिहायचे. उद्या नाही, ऑफिसात गेल्यावर नाही. पेन्सिल त्याच्या शर्टाच्या खिशात कायम असे. हा दुसरा नियम त्याने अनेकांना शिकवला होता, काहींना बोलून, काहींना चारचौघांत झापून.

गेल्या मे महिन्यात तो एकोणसाठ वर्षांचा होता. नोव्हेंबरमध्ये नोकरी संपवून गावी परत जायचे होते. कंपनी आणखी एक वर्ष ठेवून घेईल, नवीन पोरांना शिकवायला, अशी ऑफिसात बोलणी चालू होती. त्या महिन्यात डोंगरावरच्या रडारचे काम आले.

हा हवामानाचा रडार मस्कतपासून अडीच तासांवर, एका बोडक्या डोंगराच्या माथ्यावर आहे. पांढरा घुमट, त्याखाली एक खोली, बाहेर जनरेटर. शेवटचे सात किलोमीटर कच्चा रस्ता. त्याची देखभाल झेवियरच्या कंपनीकडे होती. एप्रिलच्या अखेरीस वीज पडली आणि रिसीव्हरमधला एक बोर्ड जळाला.

तो बोर्ड काय करतो हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. रडार आकाशात लहर सोडतो. ती पावसावर आपटून परत येते आणि रिसीव्हर ती पकडतो. लहर सोडणारा मॅग्नेट्रॉन तापला की त्याची फ्रिक्वेन्सी थोडी उतरते. रिसीव्हरनेही तेवढेच उतरले पाहिजे, नाहीतर परत आलेली लहर त्याला पकडता येत नाही आणि पडदा कोरा राहतो. रिसीव्हरला फ्रिक्वेन्सी पुरवणारी पेटी म्हणजे ऑसिलेटर. त्या पेटीला ‘आता इतक्यावर ये’ असा आकडा सांगत राहतो तो फ्रिक्वेन्सीचा डिजिटल कंट्रोल बोर्ड. हाच बोर्ड जळाला होता.

आकडा वायरवरून जातो. दर अंकाला चार वायर: एकाची, दोनाची, चाराची, आठाची. सात सांगायचे असेल तर एक, दोन आणि चार या तिन्ही वायरवर व्होल्टेज येते. पाच अंकांच्या वीस वायर. दोन अर्थिंगच्या. एक, ऑसिलेटरने आपला बिघाड उलट कळवायची. एकूण तेवीस. ऑसिलेटरच्या कनेक्टरला पिना पंचवीस, म्हणजे दोन रिकाम्या. ऑसिलेटर तऱ्हेतऱ्हेचे असतात, म्हणून कारखाना नव्या बोर्डावर मधली जागा मोकळी सोडतो. कुठली वायर कुठल्या पिनेला जायची ते ड्रॉइंग बघून वायरमनने करायचे.

रविवारी झेवियरने वर्कशॉपमध्ये बोर्ड घेतला. बोर्डाच्या बाजूला प्रत्येक वायर पिनेभोवती गुंडाळायची असते, सोल्डर नाही. उघड्या तांब्याचे सात वेढे आणि खाली आवरणासकट एक. सहा वेढे चालतात, पण डोंगरावर अँटेना चोवीस तास फिरते आणि खोली थरथरत असते. केबलच्या दुसऱ्या टोकाला पंचवीस पिनांचा कनेक्टर, तिथे सोल्डर. तेवीस वायर, सेहेचाळीस टोके. घाई केली तर तीन तासांचे काम. त्याला सात तास लागले. शेवटी दोरा बांधला.

शरीफ मुकादम बाजूला लॅपटॉप घेऊन बसला होता. तो इंजिनिअर. दाभोळच्या खाडीपलीकडच्या एका गावचा, चौतीस वर्षांचा. मस्कतजवळ माबेलाला बायको मुनिबा आणि तीन वर्षांची मुलगी. कंपनीत आठ महिने झाले होते, रडारवरची नेमणूक अजून पक्की व्हायची होती. बोर्डाला आकडे कसे द्यायचे, किती वेगाने बदलायचे, ती सेटिंग त्याच्याकडे होती.

“चाचा,” तो जुडीकडे बघत म्हणाला, “एवढं सजवलंय, बोर्डाला नवरदेव म्हणून न्यायचंय की काय?”

“तुझ्या सेटिंगला कुणी बघत नाही ना, म्हणून तुला सुचतंय,” झेवियर म्हणाला.

वायर वाजवायचा विषय निघाला नाही. शरीफने तपासणीच्या कागदावर ‘वायरिंग ड्रॉइंगप्रमाणे’ असे लिहून खूण केली. ती त्याने न बघताच केली होती. सगळे तशीच करत.

सोमवारी ते पहाटे निघाले. जुनी केबल उष्णतेने आणि वर्षांनी कडक झाली होती, वाकवली की कडकड वाजे. झेवियरने ती काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि खोलीच्या दारामागच्या खिळ्याला टांगली. नवा बोर्ड बसला, नवी केबल बसली. साडेआठला रडार चालू झाला. पडद्यावर डोंगरांच्या कडा उमटल्या, किनारा उमटला. शरीफने फोटो काढून ऑफिसला पाठवला.

दहा वाजून दहा मिनिटांनी पडदा कोरा झाला.

त्यांनी सगळे बंद केले. अर्धा तास थांबून पुन्हा चालू केले. चित्र आले. तासाभराने गेले. दुपारी परत तेच. मंगळवारी सकाळीही तेच. मशीन गार असेपर्यंत चालायचे, तापले की जायचे.

मंगळवारी शरीफने हाताने एकेक आकडा द्यायला सुरुवात केली. मधल्या अंकाशी येऊन तो थांबला. शून्य दिले की ऑसिलेटर शून्यावर. एक, दोन, तीन बरोबर. चार दिले की पुन्हा शून्य. पाचाला एक, सहाला दोन, साताला तीन. आठ आणि नऊ परत बरोबर. सकाळी गार असताना त्या अंकाला आठ लागत. मॅग्नेट्रॉन तापून उतरला की सात. बोर्ड सात सांगे, ऑसिलेटर तीन ऐके. चार कुठेतरी गळत होते.

 शेवटी शरीफ म्हणाला, “चाचा, ती चाराची वायर... एकदा वाजवून बघू?”

झेवियरने पिशवीतून बजर काढला आणि टेबलावर ठेवला. स्वतः हात लावला नाही. “वाजव,” म्हणाला.

शरीफने केबल ऑसिलेटरमधून काढली. बजरचे एक टोक बोर्डावर चाराच्या पिनेला लावले, दुसरे कनेक्टरच्या नऊ नंबरला. बजर स्वच्छ वाजला.

“ड्रॉइंगमध्ये किती आहे?” झेवियरने विचारले.

“नऊ.”

“मग तुझा कॉम्प्युटर बघ. माझ्या वायर कशाला बघतोस?”

शरीफने माफी मागितली. जेवताना त्याने मुनिबाने दिलेली सुरमई झेवियरच्या डब्यात वाढली आणि झेवियरने ती खाल्ली.

कंपनीत रडारचा विभाग उमामा बघे. ती ओमानी, चाळिशीच्या आतली, कमी बोलणारी. मंगळवारी संध्याकाळी ते डोंगर उतरल्यावर तिचा फोन आला. शरीफने आपली शंका सांगितली की ऑसिलेटरच आतून बिघडला असेल. तो परदेशातून मागवायला सहा आठवडे लागले असते. समुद्रात वादळांचा हंगाम तोंडावर होता. पाऊस डोंगरात पडतो आणि पाणी वादीतून, एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्रातून, खाली येते तेव्हा खालच्या गावांवर ऊन असते. तिथल्या लोकांना आधी कळवायचे तर डोंगरामागचे बघणारा हा एकच डोळा. उमामाने शरीफचे सगळे ऐकून घेतले आणि इंग्रजीत शांतपणे विचारले, बोर्ड जळायच्या आदल्या दिवशी ऑसिलेटर सातावर येत होता ना? येत होता, नोंदी होत्या. मग त्याला काही झालेले नाही, ती म्हणाली. बदलल्या फक्त दोन गोष्टी, वायर आणि सेटिंग. वायर मिस्टर झेवियरची आहे, शिवाय तुम्ही ती वाजवली. उरले काय ते तुम्हीच सांगा.

गुरुवारी सकाळी ती स्वतः येणार होती. तोवर कारण लेखी हवे होते. सेटिंगच चुकली असेल तर शरीफला रडारवरून काढून दुक्मला जनरेटरच्या कामावर पाठवायचे, हेही तिने तेव्हाच सांगितले. दुक्म म्हणजे मस्कतपासून गाडीने पाचसहा तास. तिथे बायकापोरांना नेण्याची सोय नव्हती.

बुधवारी शरीफ एकटाच गाडी घेऊन खाली पेट्रोल पंपापर्यंत गेला. डोंगरावर फोन नीट लागत नसे, आणि बोर्डाच्या कारखान्यातल्या माणसाशी त्याला बोलायचे होते. झेवियर खोलीत राहिला. काम काही नव्हते. त्याने डबा उघडला. भात, डाळ आणि बायकोने, रेजिनाने, केलेली सुक्या बोंबलाची चटणी. जेवता जेवता त्याची नजर दारामागच्या खिळ्यावर गेली.

शरीफची शंका त्याला बोचत होती. त्याने ठरवले की जुनी केबलही वाजवायची. ड्रॉइंग, जुनी केबल आणि नवी केबल तिन्ही एक आहेत, हे शरीफ आला की त्याला दाखवायचे, म्हणजे तो विषय खलास.

त्याने हात धुतले, वर्तमानपत्र सोडले. बजरचे एक टोक जुन्या केबलच्या बोर्डाकडच्या बाजूला, चाराच्या वायरला लावले. दुसरे कनेक्टरच्या नऊ नंबरला. बजर वाजला नाही.

त्याने टोके रुमालाने पुसली आणि पुन्हा टेकवली. वाजला नाही.

मग त्याने टोक नऊवरून उचलून एकेक पिनेवर ठेवत नेले. बावीसला बजर वाजला.

बावीस ही रिकामी ठेवलेल्या दोन पिनांपैकी एक. त्याने कनेक्टरच्या टोपणाचे दोन स्क्रू काढले. आत नऊ नंबरच्या पिनेला काही नव्हते. चाराची वायर वळून बावीसला गेली होती, वर नीट आवरण चढवले होते. वळणावर मेणाच्या दोऱ्याची गाठ होती. दुहेरी, टोक आत खोचलेले.

गाठ बघितल्यावर त्याला आठवले. ऑसिलेटरच्या पेटीवर नऊ नंबरची पिन तुटली होती. नवा कनेक्टर मिळायला महिना लागला असता. त्याने पेटी उघडून आतली वायर नऊवरून बावीसवर घेतली, आणि केबलमध्येही तसेच केले. काम चांगले होते. जवळजवळ चौदा वर्षे चालले. ड्रॉइंग मात्र तेव्हा गाडीत होते आणि गाडी घेऊन ड्रायव्हर खाली डिझेल आणायला गेला होता. झेवियरला त्या दिवशी संध्याकाळी विमानतळावर पोचायचे होते. गाडी आली तेव्हा हत्यारे पिशवीत गेली होती. ऑफिसात लिहू, असे तो मनात म्हणाला. तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असे. शनिवारी त्याला सोहारला दुसऱ्या कामावर पाठवले. महिन्याभराने परत आला तेव्हा ते डोक्यातून गेले होते.

नव्या केबलचे ड्रॉइंग समोर टेबलावर होते. खाली कोपऱ्यात ‘तपासले’ या शब्दापुढे त्याचीच आद्याक्षरे होती.

 मग त्याने वीज बंद केली, सोल्डरची इस्त्री गरम केली आणि नव्या केबलमधली वायर नऊवरून बावीसवर घेतली. वीस मिनिटे लागली. बजर लावला, वाजला. दोऱ्याची गाठ मारली. जुनी केबल पूर्वीसारखी गुंडाळून खिळ्याला लावली. वीज चालू केली. इस्त्री गार झाल्यावर पिशवीत ठेवली. पेन्सिल खिशातच राहिली.

शरीफ दीड वाजता आला. कारखान्यातल्या माणसाने त्याला एक आकडा बदलायला सांगितला होता. बोर्ड किती घाईने नवा आकडा पाठवतो त्याची ती सेटिंग होती. ती कमी करून बघा, इतकेच तो म्हणाला होता. शरीफने ती कमी केली आणि रडार चालू केला. तासभर दोघे पडद्यासमोर बसले. त्या अंकाचा आकडा आठावरून साताला आला. चित्र हलले नाही.

“चाचा,” शरीफ हळूच म्हणाला, “सात.”

झेवियरने मान हलवली.

शरीफने खिशातून वही काढली. झेवियर शेजारीच होता, त्याला अक्षरे दिसत होती. ‘चार ते सातवर ऑसिलेटर चुकला तर बदलाचा वेग कमी करावा. सेटिंगचा दोष.’ त्याखाली शरीफने रेघ मारली, पट्टी लावून, सरळ.

उतरताना गाडी शरीफ चालवत होता. कच्चा रस्ता संपला, फोनला रेंज आली, तेव्हा त्याने गाडी बाजूला घेऊन उमामाला फोन लावला. सेटिंग माझीच चुकली होती मॅडम, आता चालू आहे, असे त्याने सांगितले. पलीकडून ती म्हणाली की चालू झाले हे उत्तम, सकाळी येते, कागदावर सही करा, बाकीचे ठरल्याप्रमाणे. शरीफने “ठीक आहे” म्हणून फोन ठेवला. रस्त्यात बकऱ्या होत्या. त्या जाईपर्यंत दोघे बसून राहिले.

“निदान सापडलं तरी,” शरीफ म्हणाला.

 मस्कत येईपर्यंत झेवियर दोनच वाक्ये बोलला, आणि दोन्ही रस्त्याबद्दल होती.

संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाल्यावर रेजिनाने माळ डबीत ठेवली आणि तो आज दोन प्रार्थना विसरला हे त्याला सांगितले. तिला विचारायचे होते काय झाले ते. त्याआधी त्यानेच विचारले.

“तू आलीस ती तारीख कुठली?”

“कुठे आले?”

“इथे. कायमची आलीस ती.”

“अठ्ठावीस सप्टेंबर दोन हजार अकरा. बुधवार होता,” रेजिना म्हणाली. “तुम्ही सव्वा तास उशिरा आलात. आपली छोटी ॲव्हरिल बॅगेवर बसून झोपली होती. आणि तुमच्या शर्टाला सोल्डरचा वास येत होता.”

त्याने तिला सगळे सांगितले. जास्त नव्हते, पाचसात वाक्यांत संपले.  शेवटी ती म्हणाली, “त्या शरीफची बायको सामान बांधत असेल.”

“उद्या त्याला बाजूला घेऊन सांगतो.”

“बाजूला घेऊन?” ती म्हणाली. “त्याची सही काय बाजूला घेणार आहेत?”

तिने भाताचा कुकर लावला. तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

गुरुवारी, बावीस मे रोजी, उमामा नऊ वाजता डोंगरावर आली. पडदा बघितला, आकडे बघितले. मग पिशवीतून तीन कागद काढून टेबलावर ठेवले. शरीफने खिशातले पेन काढले. झेवियरने खिळ्यावरची गुंडाळी काढून त्या कागदांवर ठेवली आणि वर्तमानपत्र उघडले.

सांगायला त्याला फार शब्द लागले नाहीत. ड्रॉइंगमध्ये नऊ. जुन्या केबलमध्ये बावीस. पेटीच्या आतही बावीस. २०११ साली बदलले, लिहिले नाही. रविवारी नवी केबल ड्रॉइंग बघून केली, म्हणून चार पोचले नाहीत. काल दुपारी ती वायर बावीसवर घेतली, म्हणून पोचले. सेटिंगचा काही संबंध नाही. उमामाने कनेक्टर हातात घेऊन उन्हाकडे धरला. गाठ कुणाची हे तिने विचारले नाही.

“काल तुम्ही बदललंत,” ती म्हणाली. “शरीफ वर यायच्या आधी?”

“हो.”

“त्याने मला फोन केला तेव्हा तुम्ही गाडीत होता?”

“शेजारीच होतो.”

 शरीफ पेनाचे टोपण लावत होता, काढत होता. मग तो मराठीत बोलला. “चाचा, मी काल मुनिबाला सांगितलं, माझी बॅग काढून ठेव.”

झेवियरने टेबलावरचे वर्तमानपत्र घडी करून ठेवले. 

उमामाने तिन्ही कागद परत पिशवीत ठेवले. मग म्हणाली की सगळ्या वायर वाजवा, तेवीसच्या तेवीस, बोर्डापासून पेटीच्या आतपर्यंत. शरीफ वाजवेल. मिस्टर झेवियर दुसरे टोक धरतील. ती स्वतः स्टूल घेऊन ड्रॉइंग मांडीवर ठेवून बसली आणि एकेक आकडा वाचू लागली.

बजरचे दुसरे टोक धरणे हे मदतनिसाचे काम. झेवियरने ते शेवटचे कधी केले होते ते त्याला आठवेना. पेटीच्या आत हात पोचत नव्हता, त्याला गुडघ्यावर बसावे लागले. उमामा आकडा वाचे, शरीफ टेकवे, झेवियर टेकवे, बजर वाजे, ती टिकमार्क करी. मधल्या अंकाची चाराची वायर आली तेव्हा तिने ‘नऊ’ वाचले. बजर वाजला नाही. तिने तिथे मोकळी जागा सोडली आणि पुढचा आकडा वाचला. एक तास दहा मिनिटे लागली. दुसरे काही सापडले नाही.

मग तिने ड्रॉइंग टेबलावर ठेवले आणि हाताने सपाट केले. झेवियरने पेन्सिल काढली. नऊच्या पुढची रेघ खोडली, बावीसला नवी काढली, आणि बाजूला इंग्रजीत लिहिले: पिन नऊ तुटलेली. चाराची वायर पिन बावीसवर. बदल २८-९-२०११. नोंद २२-५-२०२५. खाली आद्याक्षरे घातली. उमामाने दोन्ही तारखा वाचल्या आणि कागदाचा फोटो काढला. शरीफने सेटिंग होती त्या आकड्यावर परत नेली. एक तासाने अंक साताला आला, चित्र जागेवर राहिले. मग त्याने वहीतले ते पान फाडले नाही, त्यावर तिरपी रेघ मारली आणि खाली तीन ओळी लिहिल्या. त्या झेवियरला दिसल्या नाहीत.

अहवाल उमामाने स्वतः लिहिला. कारणाच्या रकान्यात एकच वाक्य होते आणि त्यात झेवियरचे नाव होते. शरीफ दुक्मला गेला नाही. त्याच्याकडून न वाजवता केलेल्या खुणेबद्दल लेखी खुलासा घेतला, आणि ऑगस्टमध्ये नेमणूक पक्की झाली. झेवियरच्या एका वर्षाच्या मुदतवाढीची गोष्ट ऑफिसने परत काढली नाही. त्यानेही विचारले नाही.

वर्कशॉपमध्ये रीत बदलली असे कुणी जाहीर केले नाही. पुढच्या रविवारी झेवियरने जनरेटरचे एक पॅनेल पुरे केले, तेव्हा शरीफ बजर घेऊन येऊन उभा राहिला. झेवियर बाजूला सरकला. मग नोव्हेंबरपर्यंत त्याची प्रत्येक वायर वाजली. पहिले दोन आठवडे शरीफ कामापुरतेच बोले. “पुढची.” “झाली.” चाचा म्हणणेही सोडले होते. डब्यातला मासा आला नाही.

जूनच्या मध्यावर एका पॅनेलवर ते दोघे होते. सोळा वायर वाजल्या. सतरावीला शरीफ थांबला.

“चाचा,” तो म्हणाला, “सतरा वाजत नाही.”

झेवियरने चष्मा चढवला. ड्रॉइंग बघितले, वायर बघितली, तिच्यावरचा नंबर बघितला. खिशातल्या पेन्सिलीकडे त्याचा हात गेला होता. “परत टेकव,” म्हणाला. वाजली नाही.

“आता बजरची दोन टोकं एकमेकांना लाव.”

शरीफने लावली. तरीही आवाज नाही.

“सेल बदल.”

शरीफने सेल आणला, घातला. सतरा वाजली. अठरा लावायची ती त्याने लावली नाही. मरत आलेल्या सेलवर सोळा वायर वाजल्या होत्या, त्यातल्या शेवटच्या खरोखर वाजल्या की सवयीने वाजल्याशा वाटल्या हे आता सांगता येत नव्हते. कुणी सांगितले नसताना तो पॅनेलच्या वरच्या टोकाला गेला आणि एकपासून पुन्हा सुरुवात केली. झेवियरने दुसरे टोक धरले.